पुंगळीच्या मानेचं कर्मकांड

"घटनास्थळी चार पुंगळ्या सापडल्या" हे वाक्य आपण पेपरात लहानपणापासून वाचत आलोय. पुंगळी म्हणजे गोळी उडून गेल्यावर मागे उरतं ते पितळेचं टरफल. पेपरातल्या पुंगळ्या पोलीस पिशवीत भरतात. इथे पिट्सबर्गजवळच्या रेंजवर मात्र प्रत्येक जण आपापल्या पुंगळ्या वाकून वेचतो, मोजतो आणि डब्यात घालून घरी नेतो. मीही नेतो. घरी ती साफ करायची, परत मापात आणायची, नवा प्राइमर, नवी दारू (ती नव्हे!), नवी गोळी, की काडतूस पुन्हा तयार. याला रिलोडिंग म्हणतात. इंग्रजीत पुंगळीला केस म्हणतात, त्यामुळे "आज दोनशे केस साफ करायचेत" असं मी फोनवर म्हटलं की आई आधी घाबरते आणि मग खोबरेल तेलाचं विचारते :)

व्हिसावर असून रायफल कशी काय, हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. इथल्या केंद्रीय कायद्यात तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे, पण शिकारीचा वैध परवाना असेल तर तो अपवाद धरला जातो. माझ्याकडे तो आहे. आणि भारतात बसून हे वाचणाऱ्यांनी घरी प्रयोग करू नयेत. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा सरळ गुन्हा आहे.

तर झालं असं की टीममधला एक नवा मुलगा दोन आठवड्यांपूर्वी एक यादी घेऊन माझ्याकडे आला. त्याने नुकतीच .३०८ विंचेस्टरची रायफल घेतलीय आणि आता त्याला रिलोडिंग सुरू करायचंय. यादीत काय नव्हतं! तीन कंपन्यांच्या नेक सायझिंग डाय, टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा दिलेल्या बुशांचा अख्खा संच, मान तासायचं हत्यार, मान सरळ आहे का बघायचं गेज. सगळी बेरीज रायफलीच्या किमतीच्या वर गेली होती. आणि यादीच्या डोक्यावर त्याने लाल अक्षरात लिहिलं होतं, "फुल लेंग्थ डाय नको. अचूकता जाते."

ते लाल वाक्य वाचून माझं डोकं फिरलं. कारण तीन वर्षांपूर्वी तेच वाक्य मी स्वतः पाठ केलं होतं आणि त्याची किंमत मोजली होती. नुसती मान दाबून पुंगळी परत वापरायची ही पद्धत आजच्या साध्या फॅक्टरी रायफलसाठी निव्वळ कर्मकांड आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि अचूकता खरंच कुठे जाते, तर तिचा गुन्हेगार भलताच आहे.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. रायफलची पुंगळी बाटलीसारखी असते. खाली रुंद अंग, मग खांदा, मग अरुंद मान. मानेत गोळी घट्ट बसते. बार उडतो तेव्हा आत प्रचंड दाब तयार होतो (.३०८साठी उद्योगाने ठरवलेली वरची मर्यादा ६२,००० पीएसआय आहे). त्या दाबाने पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि गॅस मागे येऊ देत नाही. दाब उतरला की पितळ जरासं आक्रसतं, पण मूळ मापाला येत नाही. मान इतकी मोठी झालेली असते की नवी गोळी आत सरळ घरंगळते. म्हणून डायमध्ये घालून तिला दाबायचं. आता प्रश्न एवढाच, की फक्त मान दाबायची (नेक सायझिंग), की अंग, खांदा, मान सगळंच (फुल लेंग्थ).

मानवाद्यांचं म्हणणं ऐकायला फार गोड आहे. पुंगळी तुमच्याच चेंबरच्या मापाने फुगलेली आहे, म्हणजे शिंप्याने मापं घेऊन शिवलेला शर्टच. मग तो उसवायचा कशाला? फक्त मान दाबा. काडतूस चेंबरमध्ये बरोब्बर मधोमध बसेल, पितळ कमी शिणेल आणि जास्त टिकेल. मला हे शिकवलं ते आमच्या क्लबातल्या एका निवृत्त मशिनिस्ट आजोबांनी. चाळीस वर्षं लेथवर घालवलेला माणूस. बोटाने पुंगळी फिरवून सांगतो की मान तिरकी आहे. त्यांच्यापुढे मी काय बोलणार? मी त्यांच्या सांगण्यावरून नेक डाय घेतली आणि वर्षभर इमानदारीत मान दाबत राहिलो.

मग आला शिकारीचा मोसम. पेनसिल्व्हेनियात २०१९पासून रायफलने हरणाच्या शिकारीचा मोसम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. पहाटे गोठवणाऱ्या थंडीत मी झाडाला पाठ लावून बसलो. उजाडायच्या सुमारास पहिलं काडतूस आत सरकवलं आणि बोल्टचा दांडा खाली दाबला. दांडा अर्ध्यावर अडकला. पाच वेळा मान दाबून वापरलेली पुंगळी होती ती. डोकं ठिकाणावर असतं तर मी तिथेच थांबलो असतो. पण पहिला दिवस, सुजलेली बोटं, आणि आपण फार सावकाश आवाज करतोय असा भ्रम. मी तळहाताने जोर लावला. बोल्ट "खट्" करून बंद झाला. हरीण असतं तरी त्या आवाजाने पुढच्या काउंटीत गेलं असतं.

खरी गंमत दहा वाजता. निघायचं म्हणून काडतूस बाहेर काढायला गेलो तर बोल्ट उघडेना. म्हणजे हातात भरलेली रायफल, आत जिवंत काडतूस, आणि ते ना उडवायचंय ना बाहेर येतंय. अशी रायफल गाडीत ठेवणंही इथे बेकायदेशीर. शेवटी सोबत आलेल्या मित्राला हाक मारली. मी नळी मातीच्या उतारात रोखून धरली, बोटं ट्रिगरपासून लांब, आणि त्याने लाकडाच्या तुकड्याने बोल्टचा दांडा खालून ठोकत ठोकत वर उचलला. दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत मला थंडी अजिबात वाजली नाही.

चूक माझीच होती हे कबूल. काडतूस भरण्याआधी दाबलेली रिकामी पुंगळी रायफलीत घालून बघायला पाच सेकंद लागतात, ती मी वाचवली. पण पुंगळी अडकली का, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचं उत्तर त्या शिंप्याच्या शर्टाच्या गोष्टीत नाही.

पितळ प्रत्येक बाराला ताणलं जातं आणि प्रत्येक वेळी थोडं कडक होतं. कडक झालेलं पितळ त्याच दाबाखाली वेगळं वागतं. पहिल्या एकदोन वेळा पुंगळी चेंबरपेक्षा किंचित लहान होऊन बाहेर येते, म्हणून दांडा मोकळा फिरतो आणि मानवादी म्हणतात, बघा, काही होत नाही. मग बारागणिक खांदा थोडा पुढे सरकतो, बुडाजवळचं अंग थोडं फुगतं, आणि चौथ्या-पाचव्या वेळी फट शून्य होते. बोल्ट घासू लागतो. म्हणजे नेक सायझिंग करणाऱ्यालाही कधी ना कधी अख्खी पुंगळी दाबावीच लागते. तेही प्रत्येक पुंगळीची वेळ वेगवेगळी येते, त्यामुळे एकाच डब्यात तीन प्रकारची काडतुसं जमा होतात. काही मोकळी, काही घट्ट, काही माझ्यासारख्याला रडवणारी. आणि ही पद्धत म्हणे एकसारखेपणासाठी!

"बरोब्बर मधोमध" या दाव्यातही मेख आहे. ना चेंबर गणितातल्यासारखा गोल असतो, ना पुंगळीची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची. एका बाजूला पातळ भिंत असेल तर ती बाजू जास्त ताणली जाते आणि पुंगळी केळ्यासारखी किंचित वाकते. ही वाकडी पुंगळी पुढच्या वेळी वेगळ्या कोनात फिरून आत गेली की कुठेतरी रुतते, बोल्टला एका बाजूने रेटते. घट्ट बसणं म्हणजे सरळ बसणं नव्हे. फॉर्मल शर्ट घालून मुलाखतीला गेलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे.

आता मुद्द्याचं. आजोबांसारख्या अनुभवी माणसांना नेक डायने ग्रुप सुधारलेले दिसले, हे काय सगळे खोटं बोलतात? नाही. त्यांना खरंच फरक दिसला असणार. पण त्यांनी तुलना कशाशी केली? स्वस्त संचात येणाऱ्या फुल लेंग्थ डायशी. आणि ती डाय एकाच वेळी तीन गोष्टी करते. अंग आणि खांदा दाबते ही एक. मान गरजेपेक्षा फार जास्त दाबते ही दुसरी. आणि मग वर येताना मानेतून एक पोलादी गोटी ओढून बाहेर काढते, म्हणजे जास्त दाबलेली मान परत फुगवते, ही तिसरी. या गोटीला एक्स्पांडर बॉल म्हणतात, आणि माझ्या मते सगळ्या नाटकातला खलनायक तीच आहे.

मी माझ्या जुन्या डायवर मोजलं. बार उडाल्यावर माझ्या पुंगळीची मान बाहेरून ०.३४४ इंच. गोटी काढून डायमध्ये घातली तर ०.३३०. म्हणजे चौदा थाउ आत (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, वर्कशॉपचा शब्द). गोटी लावून केलं तर ०.३३४. म्हणजे चार थाउ परत बाहेर. गोळी बसवलेल्या काडतुसाची मान ०.३३७ भरते आणि गोळी घट्ट धरायला त्याहून दोन थाउ कमी, ०.३३५, पुरे होतं. ०.३४४वरून थेट ०.३३५ला येता येत असताना आधी ०.३३०पर्यंत जायचं आणि मग परत यायचं, हे स्वारगेटहून डेक्कनला हडपसरमार्गे जाण्यासारखं आहे. बरं, परतीच्या वाटेवर ती गोटी कोरड्या मानेतून ओढली जाते, मान तिच्याबरोबर ताणली जाते, आणि भिंत जिथे पातळ तिथे जास्त ताणली जाऊन तिरकी होते. वर खांदाही पुढे ओढला जातो, तो निराळाच.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे एका वाक्यात कळेल. एका कमिटमध्ये दोन बदल केले, टेस्ट पास झाली, आणि श्रेय चुकीच्या बदलाला दिलं. फुल लेंग्थ सोडून नेक डायकडे आलेल्या माणसाने अंग दाबणं बंद केलं आणि त्याच वेळी मानेची ती जास्तीची मारपीटही कमी केली. ग्रुप सुधारला. त्याने निष्कर्ष काढला की अंग दाबणं वाईट. कुणी नुसती गोटी काढून, बाकी सगळं तसंच ठेवून पाहिलं असतं तर वाद पन्नास वर्षांपूर्वीच संपला असता.

ज्यांनी तसं पाहिलं ते पुढे गेलेतच. नेक सायझिंगची प्रतिष्ठा आली ती बेंचरेस्टवाल्यांकडून. हे लोक रायफल टेबलावर ठेवून एकाच भोकात पाच गोळ्या घालायची स्पर्धा खेळतात. त्यांचे चेंबर खास कापलेले असतात, मानेजवळ इतके तंग की पुंगळीची मान तासून पातळ केल्याशिवाय काडतूस आतच जात नाही. अशा चेंबरमध्ये मान फुगायला जागाच नसते, म्हणून ती दाबायलाही फारसं काही लागत नाही. हातोडीने किंवा छोट्या आर्बर प्रेसवर चालणारी हातातली डाय घेऊन ते रेंजवरच दोन फैरींच्या मधे मान दाबायचे. त्या जगात ते शहाणपणाचं होतं. १९७५च्या सुमारास लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी ६ पीपीसी हे काडतूस आणलं आणि ते त्या खेळाचा राजा झालं. आज तेच काडतूस वापरणारे बहुतेक बेंचरेस्टवाले दर वेळी पुंगळी पूर्ण दाबतात, फक्त डाय त्यांच्या चेंबरच्या मापाची असते आणि खांदा अगदी केसभर मागे जातो. म्हणजे ज्या देवळातून हा प्रसाद आला तिथल्या पुजाऱ्यांनी पूजा बदलली, आणि आपण अजून जुनाच नैवेद्य दाखवतोय. तोही आपल्या फॅक्टरी रायफलीला, जिचा चेंबर मुळातच कुठलंही काडतूस आत जावं म्हणून ऐसपैस कापलेला असतो!

"पण माझे ग्रुप तर नेक डायने लहान आले" असं म्हणणारा प्रत्येक जण मला फोनवर फोटो दाखवतो. तीन भोकं. एकमेकांना चिकटलेली. मी विचारतो, बाकीचे कागद कुठेत? बाकीचे कचऱ्यात असतात.

इथे इंजिनिअरने तरी जरा गणित करावं. मी पायथनमध्ये वीसेक ओळी लिहिल्या. एकच रायफल, एकच काडतूस, काहीही बदल नाही, फक्त नैसर्गिक विखुरणं. तीन-तीन गोळ्यांचे लाखभर ग्रुप पाडले. सरासरी ग्रुप १ इंच धरला तर साधारण तीनातला एक ग्रुप ०.६३पेक्षा लहान किंवा १.३७पेक्षा मोठा येतो. काहीही न बदलता! म्हणजे शुक्रवारी १.३ इंच आला, शनिवारी नवी डाय आणली, रविवारी ०.७ आला, हे निव्वळ नशिबानेही सहज घडतं. पाच गोळ्यांचा ग्रुप थोडा बरा, त्याचा चढउतार सरासरीच्या २७ टक्क्यांच्या आसपास असतो. त्यावरून दोन डायमधला दहा टक्क्यांचा फरक खात्रीने पकडायचा तर प्रत्येक डायचे शंभराहून जास्त ग्रुप हवेत. मिळून हजारावर गोळ्या. हे करण्याइतका वेळ, दारू आणि नळी कुणाकडे आहे? माझ्याकडे नाही. म्हणून मीही "माझ्या पद्धतीने ग्रुप लहान झाला" असं छातीठोक सांगत नाही. मी सांगतोय ते मायक्रोमीटरवर आणि बोल्टच्या दांड्यात कळणारं. ते मोजायला हजार गोळ्या लागत नाहीत.

आता यादी. त्या मुलाला मी काय सांगितलं ते लिहितो.

पहिली खरेदी डायची नाही, मोजायच्या साधनाची. व्हर्नियर कॅलिपरला लावायचा एक छोटा ठोकळा मिळतो, कंपॅरेटर म्हणतात, तो पुंगळीच्या खांद्यावर टेकतो आणि बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर दाखवतो. बार उडालेली पुंगळी मोजा. डायमधून काढल्यावर मोजा. फरक एक ते दोन थाउ यावा इतकीच डाय प्रेसमध्ये खाली फिरवा. डायच्या खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं की डाय शेल होल्डरला टेकेपर्यंत खाली घ्या आणि वर अजून पाव फेरा द्या. बहुतेक लोक डोळे मिटून तेच करतात. त्याने खांदा पाच-सहा थाउसुद्धा मागे जाऊ शकतो. मग प्रत्येक बाराला पुंगळी तेवढी लांबवली जाते, बुडाच्या वर पितळ पातळ होत जातं, आणि एक दिवस पुंगळी तिथून दोन तुकडे होते. "फुल लेंग्थने पितळ लवकर मरतं" ही तक्रार इथली आहे. पितळ मारलं पाव फेऱ्याने, आणि नाव आलं पद्धतीवर.

डाय घ्यायची तर बुश बदलता येणारी फुल लेंग्थ घ्या. कोर्टलँडच्या रेडिंगची चांगली आहे. आतली गोटी काढून ड्रॉवरमध्ये टाका. बुश निवडायला अख्खा संच लागत नाही. तुमच्या गोळी बसवलेल्या काडतुसाची मान मायक्रोमीटरने मोजा, दोन थाउ वजा करा, तो एक बुश आणि त्याच्या खालचा एक. माझ्याकडे ०.३३५ आणि ०.३३४ आहेत, त्यातला दुसरा अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. कंपनी बदलली की भिंतीची जाडी बदलते आणि बुशही बदलावा लागतो. म्हणून पुंगळ्यांची सरमिसळ करू नका. मान एका दमात फार दाबावी लागत असेल तर मधल्या मापाचा एक बुश घेऊन दोन टप्प्यांत दाबा, कमी तिरकी होते.

बुशचा एक दोष मान्य करायला हवा. तो मान बाहेरून दाबतो, त्यामुळे भिंतीच्या जाडीतला फरक सगळा आत ढकलला जातो, आणि गोळी तर आत बसते. त्यासाठी काही जण दाबल्यावर मानेत एक मापाचा दांडा, मँड्रेल, वरून खाली ढकलतात. गोटीसारखाच वाटतो, पण तो आत ढकलला जातो तेव्हा पुंगळी बुडावर उभी असते, मान ओढली जात नाही. मीही तो वापरतो. चांगल्या फिनिश पुंगळ्या घेतल्या तर त्याची गरज फारशी पडत नाही, पण चांगल्या पुंगळ्यांचे भाव बघून मँड्रेल स्वस्त वाटतो.

आणि पैसे खरंच कमी असतील तर? मग मी मानवाद्यांच्याच छावणीतलं एक हत्यार सुचवतो, कारण ते हत्यार अस्सल आहे. विस्कॉन्सिनमधल्या हार्टफर्डच्या ली कंपनीची कॉलेट डाय. आत पक्क्या मापाचा दांडा, बाहेरून चिरलेल्या कॉलेटच्या बोटांनी मान त्या दांड्यावर आवळायची. लेथच्या चकसारखं. मान आतून मापात येते, ओढाताण शून्य, तेल लावायला नको, पुसायला नको. नवीन असताना जरा खरखरीत असते, बोटं पॉलिश करून घ्यावी लागतात, आणि प्रेसच्या दांड्यावर किती जोर द्यायचा हे हाताला कळेपर्यंत दहा-वीस पुंगळ्या बिघडतात. पण ती नुसती मान दाबते, म्हणून तिच्या जोडीला बॉडी डाय घ्या. ही मानेला हात न लावता अंग आणि खांदा दाबते. या दोन स्वस्त गोष्टी मिळून जे काम करतात ते यादीतल्या तीन भारी नेक डाय मिळून करू शकत नाहीत.

मान तासायचं हत्यार मी यादीतून सरळ खोडलं. ऐसपैस चेंबरमध्ये मान पातळ करून काय मिळवणार? फुगायला अजून जागा, दाबायला अजून काम. उलटं मात्र लक्षात ठेवा. कुणाची तंग चेंबरची जुनी रायफल हाती आली तर साध्या जाड मानेचं काडतूस त्यात घालू नका. मानेला फुगायला जागा नसेल तर ती गोळीला सोडत नाही आणि दाब कुठल्या कुठे जातो. तीच गोष्ट लांबीची. दाबलं की पितळ मानेकडे वाहतं, मान लांबते. .३०८ची पुंगळी २.०१५ इंचापेक्षा लांब झाली तर मानेचं तोंड चेंबरच्या टोकाला चिरडून गोळीवर आवळलं जातं. त्या मुलाच्या अख्ख्या लांबलचक यादीत लांबी कापायचं हत्यार नव्हतं, बरं का. ज्याने जीव वाचतो ते नाही, आणि सोनेरी मुलाम्याचे बुश सोळा!

"नेक टेन्शन" नावाचा एक शब्दही या यादीवाल्यांच्या तोंडी फार असतो. दोन थाउ टेन्शन, तीन थाउ टेन्शन. अहो, थाउ हे अंतर आहे, पकड नव्हे. पितळ दोनेक थाउपर्यंत स्प्रिंगसारखं वागतं, त्यापुढे ते फक्त वाकतं. बुश अजून लहान घेतला तर पकड वाढत नाही, गोळीच आत शिरताना गोटीचं काम करते. आणि तेवढ्याच दोन थाउला मऊ मान वेगळी धरते, कडक मान वेगळी. पुण्याच्या तांबट आळीत कुणी हंड्यावर ठोके घालताना पाहिलं असेल तर हे सांगायला नको. ठोकून धातू कडक झाला की तांबट तो परत भट्टीत घालून मऊ करतो, मग पुढचे ठोके. काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त, त्याला तेच लागू. दर दोन-तीन बारांनी मान तापवून मऊ केली नाही तर बुश एक थाउने बदलण्यात काही अर्थ नाही. तापवायची फक्त मान आणि खांदा. बूड मऊ झालं तर ती पुंगळी बॉम्ब आहे.

(जाता जाता. स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं तेव्हा ऑफिसात मला विचारणा झाली की तोही असं रिलोडिंग करतो का. त्याचा ५० मीटर रायफलचा प्रकार .२२ रिमफायरचा. त्यात प्राइमर बुडाच्या कडेत भरलेला असतो, ती पुंगळी एकदा वापरली की संपली. त्या पातळीवरचे नेमबाज वेगवेगळ्या बॅचची काडतुसं आपल्या नळीतून उडवून बघतात आणि जी बरी ती घेतात. मानेची एकही डाय नाही, एकही बुश नाही.)

आजोबांना मी हे सगळं सांगितलं का? सांगितलं. शनिवारी त्यांच्या गॅरेजमध्ये कॉफी घेताना त्यांच्या समोर त्यांच्याच दहा पुंगळ्या कंपॅरेटरवर मोजल्या. खांद्याच्या मापात सहा थाउचा फरक निघाला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, कॅलिपर माझ्या हातातून घेतला, तोंड पुसून शून्यावर आणला आणि दहाच्या दहा परत स्वतः मोजल्या. सहाच थाउ. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. निघताना म्हणाले, चाळीस वर्षं कारखान्यात कुणी न मोजता पार्ट पुढे पाठवला तर मी त्याला घरी पाठवत होतो.

बॉडी डाय कुठून मागवली हे त्यांनी काल फोन करून विचारलंय. त्या मुलाने मात्र बुशांचा संच आधीच मागवलाय, परत घेत नाहीत म्हणे.